मोमो माझ्या लेकीला माझ्याच फोनवर दिसली

शेवंती :

परवा दुपारी आमच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर पुन्हा एक फॉरवर्ड आला. वर लाल टिंबं, "सर्व पालकांना कळकळीची विनंती", मग एका नव्या चॅलेंजचं नाव. गेम खेळता खेळता मुलांना रात्री मेसेज येतो, मेसेज सांगेल ते मुलं करतात, घरच्यांना पत्ता लागत नाही, वगैरे. शेवटी "आपल्या लेकरांसाठी एवढं कराच, निदान दहा ग्रुपवर पाठवा." कुठल्या गावात घडलं, कधी घडलं, कुणी तपास केला, यातलं एक अक्षर नाही. अर्ध्या तासात चाळीस जणांनी हात जोडले होते. जाऊबाईंचा फोन आला, "वाचलंस ना? आधी पोरीला दाखव."

मी दाखवलं नाही. का दाखवलं नाही ते लिहिते, आणि तुम्ही अशा वेळी घरात काय करता तेही मला ऐकायचं आहे.

२०१८ चा ऑगस्ट महिना. तेव्हा मोमो चॅलेंजची लाट आली होती. मोमो नावाची बाई फोनवर मेसेज करून मुलांना जिवावर बेतणारी कामं करायला लावते, अशी आवई. बाहेर आलेले गोल डोळे, कानापर्यंत फाटलेलं तोंड, चिकटलेले लांब केस. मराठी वाहिन्यांवर तो चेहरा दिवसभर दाखवत होते. पश्चिम बंगालमधून बातम्या येत होत्या, मुंबई पोलिसांनीही ट्विटरवर सावध केलं होतं. माझी लेक तेव्हा दुसरीत. तिच्याकडे फोन नव्हता, माझ्या फोनवर संध्याकाळी अर्धा तास चित्रकलेचे व्हिडिओ बघायची, तेवढंच. मी तिला स्वयंपाकघरात ओट्यावर बसवलं, फोनवर तो फोटो मोठा करून समोर धरला आणि म्हटलं, "हे बघ, ही बाई कुठंही दिसली तर लगेच आईला सांगायचं. तिचं काही ऐकायचं नाही." ती बराच वेळ बघत राहिली. "हो," म्हणाली. मला वाटलं, झालं, आपण सावध केलं.

आठवडाभरात ती न्हाणीघराचं दार उघडं ठेवून आंघोळ करायला लागली. रात्री आमच्या दोघांच्या मध्ये झोपायला लागली. सकाळी शाळेची वेळ झाली की पोट दुखायचं. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, तेही दोनदा देऊन झालं. मग एका सकाळी माझा फोन सापडेना. यांच्या फोनवरून रिंग दिली तर आवाज स्वयंपाकघरातून, पण दबलेला. जाऊन बघते तर ओट्याखाली कोपऱ्यात भाताचा मोठा टोप पालथा घातलेला, त्यावर खलबत्त्यातला लोखंडी बत्ता ठेवलेला, आणि आत माझा फोन. ती रोज रात्री आम्हाला झोप लागली की उठायची, फोन टोपाखाली ठेवायची आणि पहाटे माझ्या आधी उठून परत उशीपाशी आणून ठेवायची. त्या दिवशी तिला जाग आली नव्हती. "ती बाहेर येऊ नये म्हणून," एवढंच म्हणाली. सात वर्षांची पोर रोज रात्री अंधारातून एकटी स्वयंपाकघरात जात होती, घरातल्या सगळ्यांना वाचवायला.

दिवाळीपर्यंत हळूहळू निवळलं. आता ती नववीत आहे. मध्यंतरी माळा आवरताना तो टोप हाती आला आणि तिनं आपणहून विषय काढला. म्हणाली, "आई, मोमो मला कधीच कुठं दिसली नाही गं. फक्त तुझ्या फोनवर दिसली."

तेव्हापासून हे मनातून जात नाही.

रानवारा :

ताई, वाचून घसा दाटून आला. आमच्याकडे टोप नव्हता, पण मुलगा सहा महिने दिवा लावून झोपायचा.

वाचनवेडा :

त्या चेहऱ्याची खरी गोष्ट इथे लिहून ठेवतो. ज्यांची मुलं अजून त्याला घाबरतात त्यांना उपयोगी पडेल, मला पडली.

ती एक मूर्ती होती. जपानमधल्या केइसुके आइसो नावाच्या कलाकारानं सिनेमा-मालिकांसाठी भुताखेतांचे पुतळे बनवणाऱ्या आपल्या कार्यशाळेत ती घडवली. २०१६ साली टोकियोच्या गिंझा भागातल्या एका कलादालनात भुतांवरचं प्रदर्शन भरलं, तिथे ती मांडली होती. जपानी लोककथांमध्ये उबुमे म्हणून एक भूत आहे, बाळंतपणात गेलेल्या बाईचं. आपल्याकडे अळवंतीण म्हणतात ना, तीच. मूर्तीला खाली पक्ष्याचे पाय होते. बघायला आलेल्या कुणीतरी फोटो काढला, पुढे कुणीतरी त्यातला फक्त चेहरा कापून घेतला, आणि दोन वर्षांनी तो कापलेला चेहरा जगभर फिरला. त्या कलाकाराचा या चॅलेंजशी काडीचा संबंध नव्हता.

मूर्ती रबर आणि नैसर्गिक तेलांची. ती कुजत गेली आणि २०१८ मध्ये त्यानं ती टाकून दिली. मार्च २०१९ मध्ये त्यानं हे सांगितलं, आणि ती आता उरलेली नाही, मुलांनी घाबरू नये, असंही सांगितलं.

माझ्या भाच्याला मी हे सगळं सांगितलं आणि मूर्तीचा पूर्ण फोटो दाखवला. कोंबडीसारखे पाय बघून त्याच्या डोळ्यांतली भीती उतरली. भूत म्हणजे काय हे मुलाला माहीत असतं, पण रबराचा पुतळा आणि तो कुजला, हे त्याला धरता येतं. नुसतं "खोटं आहे, घाबरू नकोस" म्हटल्यानं माझ्या अनुभवात काही होत नाही.

दोन_लेकरांचा_बाप :

सगळ्यांचा मान ठेवून वेगळं मत मांडतो. शंभरातले नव्याण्णव फॉरवर्ड खोटे असतील, एक खरा निघाला तर? मुलगा चार दिवस घाबरला तरी चालेल, पण सावध राहिला पाहिजे. मी दोन्ही पोरांना दाखवतो आणि पुढेही पाठवतो. पाठवून कुणाचं नुकसान झालं? गल्लीत कुत्रं पिसाळलंय असं कुणी सांगितलं तर आपण आधी पुरावा मागत नाही, पोरांना घरात घेतो.

सातासमुद्रापार :

दादा, कुत्र्याचा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण इथे काय घडलं ते ऐका.

आम्ही इंग्लंडच्या उत्तरेला राहतो. तुमच्याकडे २०१८ च्या पावसाळ्यात येऊन गेलेली मोमो आमच्याकडे फेब्रुवारी २०१९ मध्ये आली. बोल्टनजवळच्या वेस्टहॉटनमधल्या एका आईनं गावच्या फेसबुक ग्रुपवर लिहिलं की शाळेतली मुलं सांगत होती म्हणून माझा मुलगा घाबरलाय. त्या बिचारीनं मनापासून लिहिलं होतं. तिथून स्थानिक बातमी झाली, उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी इशारा दिला, मग देशभरच्या शाळा एकमेकींचं बघून पालकांना पत्रं पाठवायला लागल्या. त्यात अमेरिकेतली टीव्ही तारका किम कार्दाशियन हिनं, मुलांच्या व्हिडिओंत मोमो घुसवतात ते थांबवा, असं कोट्यवधी लोकांपुढे यूट्यूबला आवाहन केलं. आठवडा-दहा दिवसांत हा डोंगर उभा राहिला.

मुलांसाठी काम करणारी एनएसपीसीसी आणि आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारी समॅरिटन्स, या दोन्ही संस्थांनी तेव्हाच सांगितलं की या चॅलेंजमुळे कुणाला इजा झाल्याचा पुरावा नाही, आणि खरी भीती या घबराटीचीच आहे. एनएसपीसीसीला याबद्दल पालकांपेक्षा पत्रकारांचेच फोन जास्त आले. यूट्यूबनंही सांगितलं की असे व्हिडिओ आमच्याकडे आढळलेले नाहीत.

आमच्या मुलाच्या शाळेचंही पत्र आलं, आणि पत्रात तो फोटो छापलेला. पाच वर्षांच्या मुलांच्या दप्तरातून ते पत्र घरी आलं. माझ्या मुलानं बसमध्येच दप्तर उघडून बघितलं होतं. तोपर्यंत त्याला मोमो हे खायच्या पदार्थाचं नाव म्हणून माहीत होतं.

तुमच्या पिसाळलेल्या कुत्र्याचं असं झालं की कुत्रं गल्लीत नव्हतंच, आम्हीच त्याचं चित्र काढून प्रत्येक मुलाच्या उशाशी ठेवलं.

कर्दळ :

मी मुंबईच्या उपनगरांतल्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. मला मोमोपेक्षा तिच्या आदल्या वर्षीच्या ब्लू व्हेलबद्दल, म्हणजे मुलांना रोज एक काम देऊन शेवटी जीव द्यायला लावतो असं म्हटल्या गेलेल्या "गेम"बद्दल, लिहायचं आहे, कारण त्या वेळी आम्ही मोठ्यांनी जे केलं त्याची बोच अजून आहे.

सुरुवात रशियात झाली. मे २०१६ मध्ये नोवाया गझेटा या वर्तमानपत्रानं किशोरवयीन मुलांच्या आत्महत्या आणि तिथल्या सोशल मीडियावरचे काही ग्रुप यांचा संबंध जोडणारा मोठा लेख छापला. त्यातल्या आकड्यांवर पुढे इतर पत्रकारांनी गंभीर शंका घेतल्या. निराश मुलांना नादी लावणारे ग्रुप तिथे होते, २०१७ मध्ये एका तरुणाला शिक्षाही झाली. म्हणजे मुळात काहीच नव्हतं असं मी म्हणत नाही. पण पन्नास दिवसांत पन्नास कामं देणारा, डाउनलोड करता येणारा "गेम" जगभर पसरलाय, ही गोष्ट बातम्यांनी रचत नेली.

जुलै २०१७ च्या अखेरीस अंधेरीत एका चौदा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि दोन दिवसांत तो "भारतातला पहिला ब्लू व्हेल बळी" म्हणून सगळीकडे छापून आला. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप वगैरे कंपन्यांना या खेळाच्या लिंक काढून टाका असं पत्र लिहिलं. जो खेळ दुकानात नाही, ॲप म्हणून नाही, त्याची लिंक कुठून काढणार? तरीही प्रत्येक राज्यातून "आणखी एक बळी" अशा बातम्या येत राहिल्या.

पुढचं मात्र फार कमी लोकांनी वाचलं. सरकारनं संगणक सुरक्षेचं काम बघणाऱ्या सर्ट-इन या संस्थेच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं त्या मुलांचे फोन, इंटरनेटचा वापर, कॉलच्या नोंदी तपासल्या, वाचलेल्या मुलांशी बोलणं केलं. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय गृहराज्यमंत्री, आपल्या चंद्रपूरचे हंसराज अहिर, यांनी संसदेत उत्तर दिलं की यातल्या एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध झालेला नाही. घबराट पहिल्या पानावर छापली होती, हे उत्तर आतल्या पानावर गेलं.

आता माझा अनुभव. त्या ऑगस्टमध्ये मुलं बॉलपेननं मनगटावर मासा काढून एकमेकांना घाबरवत होती. शिक्षक मधल्या सुट्टीत रांगेत उभं करून हात तपासत होते. त्याच आठवड्यात आठवीतल्या एका मुलीनं आपल्या बाईंना सांगितलं की मला जगावंसं वाटत नाही. बाई घाबरल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठला गेम खेळतेस?" मग तिचा फोन काढून घेतला, घरी कळवलं, वडिलांनी फोन फोडला. ती माझ्याकडे आली तेव्हा तीन दिवस झाले होते आणि या तीन दिवसांत तिला एकाही माणसानं "काय झालंय?" असं विचारलं नव्हतं. तिच्या घरात वर्षभर जे चाललं होतं त्यात फोनचा काही संबंध नव्हता. ते इथे लिहीत नाही. ती आता बरी आहे, नोकरी करते.

म्हणून मी पालकांना सांगते की मूल गप्प झालं, झोप उडाली, आवडत्या गोष्टी सोडल्या, तर गेमचं नाव शोधत बसू नका. "तुला मरावंसं वाटतं का?" हे सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जातो हा गैरसमज आहे. मूल बहुतेक वेळा सुटल्यासारखा श्वास सोडतं. धोका असतो तो मृत्यूच्या तपशीलवार बातम्या आणि व्हिडिओ मुलांपुढे वारंवार येण्यात, आणि ते काम फॉरवर्ड करतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पालकांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.

जुनी_सायकल :

मी सत्तरीत आहे, नातवंडांमुळे इथे वाचतो. आमच्या लहानपणी पोस्टकार्डं यायची. अमुक देवाचं पत्र आहे, एकवीस जणांना लिहा, एकानं फाडून टाकलं तर त्याचा मुलगा आजारी पडला. माझी आई लिहिता-वाचता येत नसताना शेजारच्या मास्तरांकडून एकवीस कार्डं लिहून घ्यायची. घरात पैशांची ओढ असायची, पण मुलावर संकट येईल या शब्दांपुढे ती हरायची. आणि नदीवर नवा पूल बांधायला घेतला की पुलाच्या पायात लहान मूल पुरावं लागतं, माणसं पोरं शोधत फिरतायत, अशी आवई उठायचीच. आठवडाभर आम्हाला अंगणाबाहेर सोडत नसत. फॉरवर्ड आला की मला ती कार्डं आठवतात. आईच्या काळजालाच हात घालायचा, हे तेव्हाही त्यांना माहीत होतं.

तापीकाठ :

वर एका दादांनी विचारलंय की पाठवून कुणाचं नुकसान झालं. मी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. मी उत्तर देतो.

२०१८ चा जून. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. फोनवर एकच विषय, पोरं पळवणारी टोळी आली आहे, किडन्या काढतात. एक व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात. तो पाकिस्तानातल्या कराचीत बनवलेला होता, मुलांना सांभाळा हे सांगण्यासाठी. मूळ व्हिडिओत ती दोघं पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापून टाकला. ओळीनं ठेवलेल्या मुलांच्या मृतदेहांचे फोटो यायचे, ते सीरियातल्या २०१३ च्या रासायनिक हल्ल्यातले होते. आमच्या पाड्यांवर कराची कोण ओळखणार आणि सीरिया कोण?

माझ्या वर्गातली हजेरी निम्म्यावर आली. बायका लुगड्याचा पदर खोचून शाळेच्या दारात बसून राहायच्या. दरवर्षी पावसाच्या तोंडाला येणारे बहुरूपी, डोंबारी, वासुदेव कुणी फिरकेना.

जूनच्या शेवटी एक दिवस बोहारीण आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी, मी नोकरीला लागलो तेव्हापासून तिला ओळखतो. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि बोटाला चार वर्षांची नात. तिसरीतल्या एका मुलीनं खिडकीतून पाहिलं आणि किंचाळली, "आली, आली!" पाच मिनिटांत पंचवीस-तीस बाप्ये जमले, काहींच्या हातात दांडके. सगळे माझ्या ओळखीचे, कुणाची पोरं माझ्या वर्गात. त्यांनी विचारलं, "ही पोर कुणाची? कुठून आणली?" म्हातारी थरथरत सांगत होती, "माझ्या लेकाची हाय, बाबा." पोर रडायला लागली तर एक जण म्हणाला, बघा, पोर घाबरलंय, हिची नाहीच. मी दोघींना वर्गात घेतलं, आतून कडी लावली आणि खिडकीतून एकेकाचं नाव घेऊन बोलत राहिलो. तास गेला. सरपंच आले म्हणून निभावलं. एक वाटी जमिनीवर पडून चेपली होती. ती तिनं मला घ्यायला लावली, अजून माझ्या घरी आहे.

त्यानंतर काहीच दिवसांनी, १ जुलै २०१८, रविवार, आमच्याच तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरले. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. त्यातला एक जण लहान मुलीशी बोलला असा संशय घेतला गेला आणि जमाव उसळला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले. लोक मारताना शूटिंग करत होते. त्याच रात्री मालेगावात लहान मूल बरोबर असलेल्या एका कुटुंबाला जमावानं घेरलं होतं, पोलिसांनी मोठ्या मुश्किलीनं सोडवलं.

त्या महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाच चॅटपुरतंच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. त्याला कारण ठरलेल्या मृत्यूंमध्ये हे पाच आहेत. आणि एवढं होऊनही सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्याला, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून पट्ट्यांनी आणि काठ्यांनी मारलं.

दादा, राग मानू नका. ज्यांनी मारलं त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण ते व्हिडिओ पुढे पाठवणारे माझे सहकारी शिक्षक होते, नर्सबाई होत्या, माझा सख्खा भाऊ होता. सगळे आपापल्या लेकरांच्या काळजीनं पाठवत होते.

माणदेशी :

सर, तुम्ही कडी लावलीत. मी मंगळवेढ्याजवळचा आहे. बाकी लिहवत नाही.

दोन_लेकरांचा_बाप :

तापीकाठ सर, सकाळपासून दोनदा वाचलं. "पाठवून कुणाचं नुकसान झालं" हे माझे शब्द मी मागे घेतो.

तरी एक प्रश्न उरतो आणि तो मनापासून विचारतो. ऑनलाइन धोके खरेच आहेत. माझ्या धाकट्याला गेममधल्या चॅटवर एक अनोळखी माणूस रोज हिरे भेट द्यायचा आणि मग शर्ट काढलेला फोटो मागायला लागला. पोरगा अकरा वर्षांचा. तेव्हापासून मला प्रत्येक फॉरवर्ड खरा वाटतो. मग पालकानं ओळखायचं कसं? का नुसतं गप्प बसायचं?

कढीपत्ता :

गप्प बसायचं नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत जे झालं तो पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालचा गुन्हा आहे. अशा वेळी चॅट पुसून टाकायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे, त्या माणसाचं खातं कुठलं ते लिहून ठेवायचं, मग ब्लॉक. cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार घ्यावीच लागते. मुलासाठी मदत हवी तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. मुलगा स्वतः तुम्हाला सांगायला आला होता का? आला असेल तर तुमच्या घरात मोठी गोष्ट बरोबर चालली आहे.

ओळखण्याबद्दल मी माझं सांगते. तुमच्या मुलाला भेटलेल्या माणसाकडे बघा. तो भेसूर चेहरा घेऊन आला नाही, गोड बोलत आला, हिरे देत आला. महिनाभर काही मागितलंच नाही. असल्या माणसाचं चित्र कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतं. आपण मुलांना डोळे वटारलेली बाई दाखवून ठेवतो आणि गोड बोलणाऱ्या "दादा"बद्दल एक शब्द सांगत नाही. शाळेबाहेर स्ट्रॉबेरीच्या चवीच्या गोळ्यांतून ड्रग्ज देतात हा मेसेज अमेरिकेत २००७ पासून फिरतोय आणि अजून दर जूनमध्ये माझ्या फोनवर येतो. शाळेचं नाव गावाप्रमाणे बदलतं, बाकी मजकूर तोच.

मी फॉरवर्ड आला की मुलांना दाखवत नाही, आणि विषय टाळतही नाही. नुसतं विचारते, "हल्ली शाळेत नेटवरच्या कशाबद्दल बोलतात रे मुलं?" त्यांना माहीत असेल तर तीच सांगतात. माहीत नसेल तर माझ्याकडून त्यांना ते कळत नाही. एवढंच.

दोन_लेकरांचा_बाप :

हो, स्वतःच आला होता सांगायला. आणि मी आधी त्याच्यावर ओरडलो होतो. तक्रार करतो. आभार.

शेवंती :

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. तापीकाठ सर, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला. सासूबाई खूप वेळ काही बोलल्या नाहीत.

काल संध्याकाळी मेथी निवडायला बसले होते, लेकही येऊन बसली. कढीपत्ता ताईंसारखंच विचारलं, हल्ली वर्गात काय चाललंय फोनवर? त्या चॅलेंजचं नाव मी काढलं नाही. तिनंच काढलं. म्हणाली, पालकांच्या ग्रुपवर आलंय ना, मुलांना काही माहीत नव्हतं, आता सगळे नेटवर शोधतायत. मी नुसतं "बरं" म्हटलं. दोन जुड्या होत आल्या तेव्हा ती खाली बघून म्हणाली, "आई, दुसरंच एक आहे."

वर्गातल्या एका मुलीचा डबा खातानाचा फोटो कुणीतरी नकळत काढला आणि त्याचे स्टिकर बनवले. खाली तिच्या जाडीवरून वाट्टेल ते लिहिलेलं. मुलांच्या ग्रुपवर तीन आठवडे ते फिरतायत, तिनं काहीही लिहिलं की उत्तरादाखल तोच स्टिकर. चार दिवस झाले, ती शाळेत आलेली नाही. लेकीनं स्वतःही एकदा तो स्टिकर पाठवला होता. ते सांगताना तिच्या हातातली जुडी तशीच राहिली.

आणि परवाचा तो फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर टाकला होता तो त्याच मुलीच्या आईनं. मी रात्री तिला फोन केला. ती म्हणाली, पोरगी जेवत नाही, फोन उशीखाली लपवते, विचारलं तर अंगावर येते. गुगलवर बघितलं तर त्या चॅलेंजची लक्षणं हीच लिहिली होती. चार रात्री ती तिच्या फोनमध्ये तो गेम शोधत होती. मी स्टिकरचं सांगितलं तर पलीकडून कितीतरी वेळ आवाजच आला नाही.

आज दोघी मिळून शाळेत जाऊन आलो. स्क्रीनशॉट वर्गशिक्षकांना दिले. उद्या ते मुलांच्या पालकांना एकेक करून बोलावणार आहेत, वर्गात त्या मुलीचं नाव न घेता. कर्दळ ताई, तिच्या आईला तुमचा प्रतिसाद पाठवला आहे आणि १४४१६ चा नंबरही. लेक संध्याकाळी एकटीच तिच्या घरी गेली होती, माफी मागायला. दीड तासानं आली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. सोमवारी दोघी एकाच रिक्षानं जाणार आहेत, एवढं तिनं सांगितलं, आणि डब्यात दोघींपुरते मेथीचे पराठे मागितले आहेत.